दुसऱ्या डिस्कवर लिनक्स मिंट २२ : स्टेपनी म्हणून कशी आहे?

गाडीच्या डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे की नाही, हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळतं. संगणकातल्या दुसऱ्या डिस्कवर ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून टाकलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची गत वेगळी नसते. विंडोज धडधाकट आहे तोवर ती बूट मेनूत दिमाखात दिसते, आणि मुख्य डिस्क गेल्याच्या दिवशी पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. दुसरी डिस्क ठणठणीत असते, तिच्यावरची सिस्टिमही पूर्ण असते. फक्त तिला सुरू करणारा बूटलोडर मेलेल्या डिस्कवर बसलेला असतो.

म्हणून इथे लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला एकच कसोटी लावली आहे : मुख्य डिस्क यंत्रातून काढून ठेवली तरी हे सुरू होतं का, आणि झालं तर त्यावर त्या दिवसाचं काम उरकता येतं का? दोन्हींचं उत्तर होय आहे. पण पहिल्या प्रश्नाचा होकार मिंटचा इन्स्टॉलर आपणहून देत नाही, तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो.

परीक्षणाला घेतली आहे ती मिंटची २२ मालिका, सिनॅमन डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरचा मुखडा). मूळ आवृत्ती २२ ही जुलै २०२४ मध्ये आली, २२.१ जानेवारी २०२५ मध्ये आणि २२.२ सप्टेंबर २०२५ मध्ये. पाया उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा, आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत. पर्यायी सिस्टिमसाठी ही लांब मुदत सगळ्यात मोलाची. जी वस्तू महिन्यातून एकदा उघडायची तिला दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीवर चढवत बसायला कोणाला वेळ आहे? २२.२ मध्ये ६.१४ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, मूळ २२ आणि २२.१ मध्ये ६.८ होता. यंत्र अलीकडचं असेल तर वायफाय आणि ग्राफिक्ससाठी २२.२ किंवा त्यापुढची घ्या.

किमान गरज कागदावर २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी आहे. सिनॅमन नुसतं उघडून ठेवलं तरी जवळपास १ जीबी रॅम घेतं, त्यावर ब्राउझर; तेव्हा ४ जीबीच्या खाली जाऊ नका. दुसरी डिस्क १२० जीबीची असली तरी पुरते. २४० जीबीची असेल तर मुख्य डिस्कवरच्या महत्त्वाच्या फायली तात्पुरत्या उतरवायलाही जागा राहते, आणि स्टेपनीचा निम्मा उपयोग तिथेच आहे. कपाटातली जुनी फिरती हार्ड डिस्क वापरणार असाल तर सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आणि आधी तिची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन्ही ओळींत शून्य हवं. आकडा असेल तर ती डिस्क या कामाची नाही, मग ती कितीही ‘चालू’ असो.

जोडणीत दोन गोष्टी चुकतात. साटा (केबलने जोडायच्या) एसएसडीला डेटा केबल आणि पॉवर केबल अशा दोन केबल लागतात. पॉवर सप्लाय मॉड्युलर असेल तर त्याच्याचसोबत आलेली केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल सॉकेटमध्ये बसते, पण आतल्या पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि डिस्क जागच्या जागी जळते. दुसरं, अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी डिस्क थेट बोर्डवर बसते तिथे) डिस्क बसवली की एखाददोन साटा पोर्ट बंद होतात. नवी डिस्क दिसत नाही म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेतलं ते कोष्टक बघा आणि केबल पुढच्या पोर्टला लावून पाहा. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट नसेल तर जुन्या मॉडेलात डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी बसते, ती ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, तेव्हा आधी ड्राइव्ह मोजून घ्या. तेही नसेल तर यूएसबी ३ च्या केसमध्ये एसएसडी. मिंट त्यावरूनही व्यवस्थित चालतं, फक्त केबल ढिली असली की सिस्टिम मध्येच गोठते.

मिंटला हात लावण्याआधी विंडोजमध्ये तीन कामं. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा मजकूर कुलपात ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू झालेलं असतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधली) एखादी सेटिंग बदलली की विंडोज ती मागतं, आणि ती नसली की सगळा डेटा कुलपात. दुसरं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असेल तर ‘शट डाउन’ म्हणूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि त्याची पार्टिशनं (डिस्कचे भाग) मिंटमधून फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. तिसरं, बॅकअप. त्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

मिंटची इमेज (उतरवून घ्यायची इन्स्टॉलरची फाइल) साधारण २.८ ते २.९ जीबीची आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. ती त्यावर लिहायला बलेना एचर किंवा रूफस, कोणतंही चालेल. लिहून झाल्यावर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारतं, तिथे ‘कॅन्सल’. संकेतस्थळावर दिलेला शा-२५६ आकडा (फाइल पूर्ण उतरल्याची खूण) जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात; अर्धवट उतरलेली इमेज ऐंशी टक्क्यांवर अडकते तेव्हा त्या दोन मिनिटांची किंमत कळते. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे ‘यूईएफआय’ लिहिलंय तोच निवडा. विंडोज यूईएफआयवर (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) आणि मिंट लेगसीवर (जुनी पद्धत) असा संसार टाकू नका. एनव्हिडिया कार्डावर नुसता काळा पडदा आला तर सुरुवातीच्या मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या.

आता इन्स्टॉलर. इथेच घोडं पेंड खातं.

मिंट २२ चा इन्स्टॉलर म्हणजे उबुंटूचा जुना युबिक्विटी. ‘समथिंग एल्स’ निवडून हाताने पार्टिशन केलं की खाली एक खिडकी दिसते : ‘डिव्हाइस फॉर बूटलोडर इन्स्टॉलेशन’. माणूस तिथे नीट विचार करून दुसरी डिस्क निवडतो. यूईएफआय यंत्रावर इन्स्टॉलर ती निवड चक्क दुर्लक्षून, पहिल्यांदा सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायची छोटी जागा), म्हणजे बहुधा विंडोजच्या डिस्कवर, ग्रब हा आपला बूटलोडर बसवतो. ही उणीव वर्षानुवर्षं नोंदलेली आहे आणि सुटलेली नाही. रोजच्या ड्युअल बूटला याने फारसं बिघडत नाही, म्हणून बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पर्यायी सिस्टिमला मात्र हा घाव मुळावर बसतो. मुख्य डिस्क गेली की मिंटचा दरवाजा गेला. उलट दुसरी डिस्क काढली, तर विंडोज सुरू होण्याऐवजी ग्रबचा रिकामा प्रॉम्प्ट समोर येण्याची शक्यता. म्हणजे आधाराला ठेवलेल्या काठीतच पाय अडकायचा.

भर आणखी एक. ईएफआय पार्टिशन विंडोजच्या डिस्कवरचं वापरलं गेलं की मिंटच्या एफएसटॅब फाइलमध्येही (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) त्याचीच नोंद होते. पुढे ती डिस्क नसताना ग्रब कसाबसा दुसरीकडून सुरू केलात, तरी सिस्टिम त्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघते आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन बसते. ऐन अडचणीत टर्मिनलवर फाइल दुरुस्त करायची वेळ येते.

यावरचा खात्रीचा उपाय अगदी गावठी आहे : इन्स्टॉल करताना मुख्य डिस्क काढून ठेवा. डेस्कटॉपमध्ये यंत्र बंद करून, मेन स्विच घालवून, साटा डेटा केबल उपसायची. एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमधली) असेल तर एक बारीक स्क्रू. काही बायोसमध्ये डिस्क किंवा पोर्ट तेवढ्यापुरता बंद करता येतो, मग खोलायचीही गरज नाही. आता यंत्रात एकच डिस्क उरली, तेव्हा ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ हा एरवी धडकी भरवणारा पर्याय बिनधास्त निवडता येतो. इन्स्टॉलर स्वतःच ईएफआय पार्टिशन, लिनक्सच्या ईएक्सटी४ रचनेचं मूळ पार्टिशन आणि स्वॅप फाइल (रॅमची पूरक जागा) बनवतो. गाणी-व्हिडिओ चालावेत म्हणून ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची खूण ठेवा. एसएसडीवर पंधरा मिनिटांच्या आसपास काम होतं. चूक करायला जागाच नाही, हा या पद्धतीचा मोठेपणा.

मुख्य डिस्क काढणं शक्यच नसेल, म्हणजे वॉरंटीचं सील किंवा मदरबोर्डलाच चिकटवलेली डिस्क, तर दुसरा मार्ग आहे. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून पार्टिशनं हाताळणारं जीपार्टेड उघडा. विंडोजच्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन शोधा : फॅट३२, साधारण १०० ते ३०० एमबी. त्यावर राइट क्लिक, ‘मॅनेज फ्लॅग्ज’, आणि ‘बूट’ व ‘ईएसपी’ या खुणा काढा. पार्टिशनला आणखी काही करू नका. मग दुसऱ्या डिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनांची यादी) बनवा, त्यावर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन आणि उरलेल्या जागेत ईएक्सटी४. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ घेऊन ही पार्टिशनं नेमून द्या. आता इन्स्टॉलरला ईएफआय पार्टिशन एकच दिसतं, त्यामुळे त्याची निवड आपसूक बरोबर येते. संपल्यावर, रीस्टार्ट करण्याआधीच, जीपार्टेडमध्ये जाऊन विंडोजच्या खुणा परत लावा. हे विसरणारे पुष्कळ. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवा.

या दुसऱ्या मार्गात डिस्क ओळखताना एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका. पेनड्राइव्ह किंवा कार्ड रीडर जोडला की ही नावं उलटीपालटी होतात. क्षमता आणि मॉडेल बघा. दोन्ही डिस्क एकाच क्षमतेच्या असतील तर अनुक्रमांक. आणि मुख्य एनव्हीएमई डिस्क मिंटला दिसतच नसेल, तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा इंटेल आरएसटीवर असण्याची शक्यता मोठी. तो थेट एएचसीआय (साधा मोड) केला तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’मधून ‘सेफ बूट’ची खूण करा, मग बायोसमध्ये बदल, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज चालू होऊ द्या, आणि खूण काढा. एवढ्यावर भागतं.

सगळं जोडून यंत्र सुरू केलं की बूट मेनूत ‘मिंट’ शोधू नका, सापडणार नाही. तिथे नाव ‘उबुंटू’ असं येतं. मेनूची कळ डेल, लेनोव्हो, एसर, गिगाबाइटवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या मदरबोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११. बायोसमधला क्रम ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला असाच ठेवा आणि मिंट लागेल तेव्हा या कळीने घ्या. ग्रबच्या मेनूतून दोन्ही सिस्टिम निवडण्याची हौस रोजच्या वापराला ठीक, पण विंडोजचा रस्ता दुसऱ्या डिस्कवरून नेऊन ठेवायचा कशाला? बूटलोडर चुकीच्या डिस्कवर आधीच बसला असेल तर पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये ‘बूट रिपेअर’ तयार असतं, त्याच्या प्रगत पर्यायांत ईएफआय पार्टिशन निवडून देता येतं.

सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी बायोसची सोय) चालू ठेवूनही मिंट चालतं, हे त्याच्या बाजूने मोठं मत. गाडी अडते ती बाहेरचे ड्रायव्हर आले की. कोडेक्सची खूण केली किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तो दहाच सेकंद थांबतो. कोणतीही कळ दाबून ‘एन्रोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तो पासवर्ड. चहा आणायला गेलात तर पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर चालत नाही. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली, तेव्हापासून जुन्या पेनड्राइव्हवर ‘एसबीएटी’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे शब्द दिसू लागले. तसं झालं तर नवी इमेज उतरवून घ्या.

मग परीक्षा. मुख्य डिस्क पुन्हा एकदा काढा आणि मिंट सुरू करा. वायफाय जोडा, छपाई करून बघा, बँकेचं संकेतस्थळ उघडा, एक व्हिडिओ कॉल लावा. आता उलट : दुसरी डिस्क काढून विंडोज सुरू होतं का ते पाहा. शेवटी दोन्ही एकत्र. अर्धा तास जातो.

प्रत्यक्ष आणीबाणीत मिंट काय देतं? विंडोज सुरू होत नाही पण डिस्क जिवंत आहे, अशा वेळी फाइल मॅनेजरमध्ये त्या डिस्कवर क्लिक केलं की कागदपत्रं समोर. बिटलॉकर असेल तर ती ४८ अंकी की विचारून तीही उघडते. एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल रचनेची) खरी दुरुस्ती मात्र इथून करू नका. ते विंडोजच्या चेकडिस्कचं काम. डिस्क कुरकुरत असेल तर आधी महत्त्वाच्या फायली उतरवा आणि मग बाकीचे प्रयोग. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड पहिल्यापासून हजर असतात, त्यामुळे पत्र लिहून पाठवण्यापर्यंतचं काम काहीही न टाकता होतं.

भारतातल्या प्रत्येकाला एक गोष्ट दिसणारच : मिंट वापरून विंडोजमध्ये परतलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दुपारचे साडेतीन वाजलेले असताना विंडोज सकाळचे दहा दाखवतं. मदरबोर्डची बॅटरी संपलेली नाही. मिंट तिथल्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. विंडोजमध्ये ‘सिंक नाऊ’ केलं की तात्पुरतं सुटतं. कायमचं हवं तर मिंटच्या टर्मिनलमधून ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं.

मराठीचं काम छान आहे. युनिकोड देवनागरी पहिल्याच दिवशी नीट दिसतं, जोडाक्षरं फुटत नाहीत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’ इथे मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही लेआउट मिळतात. कृतिदेवमधल्या जुन्या फायली मात्र तो फॉन्ट टाकल्याशिवाय गचाळ दिसणार. डीटीपीवाल्यांसाठी वाईट बातमी : श्री-लिपी हे विंडोजचं सॉफ्टवेअर, तेव्हा हे स्टेपनीचं चाक त्यांच्या गाडीला बसत नाही. टॅलीचंही तेच. हिशेबनीसांनी आणि मुद्रणालयांनी दुसऱ्या डिस्कवर दुसरं विंडोजच ठेवावं. परवान्याचं बघावं लागेल, आणि मुख्य डिस्क काढून ठेवण्याचा नियम तिथेही लागू, कारण विंडोजचा इन्स्टॉलरसुद्धा आधीचं ईएफआय पार्टिशन दिसलं की तिथेच बस्तान मांडतो.

प्रिंटरमध्ये एचपीचे बहुतेक साधेपणाने चालतात. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र छळतो; त्याचा कॅप्ट ड्रायव्हर वेगळा आणून बसवावा लागतो आणि कर्नल-अपडेटनंतर तो रुसला तर नवल नाही. तो घरात असेल तर पीडीएफ बनवून पेनड्राइव्हवर नेण्याची तयारी ठेवा. वायफाय चिप रिअलटेक किंवा ब्रॉडकॉमची असून चालत नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, मिंट ते लगेच ओळखतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’.

एवढा खटाटोप न करता नुसता लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता मिंट थेट चालवणारा) का ठेवू नये? फायली बाहेर काढण्यापुरता तो पुरेसा आहे, आणि ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तोच ठेवावा. पण नवी डिस्क येईपर्यंत चार दिवस ऑफिसचं काम करायचं असेल तर पेनड्राइव्हचा वेग आणि पुसले जाणारे पासवर्ड जीव खातात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून, ज्यांचं यंत्र विंडोज ११ च्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपच्या अटीत बसत नाही त्यांच्यासाठी तर ही दुसरी डिस्क हळूहळू पहिली होऊ शकते.

देखभाल थोडीच. महिन्यातून एकदा मिंट सुरू करून ‘अपडेट मॅनेजर’ चालवा. सहा महिने न उघडलेल्या सिस्टिमला ऐन घाईच्या दिवशी शेकडो अपडेट लागतात. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिम मागच्या स्थितीत नेणाऱ्या प्रती) चालू करा, पण एक ध्यानात घ्या : ते सिस्टिमच्या फायलींचे असतात, होम फोल्डर त्यात आपोआप येत नाही. आणि बिटलॉकरची की कागदावर उतरवली असलीत तरी तिची एक प्रत मिंटच्या होम फोल्डरमध्येही टाका. ती फक्त विंडोजच्या डेस्कटॉपवर एका टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवणारेही कमी नाहीत.